तुमचं इंजिन आणि फुफीचा तांब्या

प्रिय मेहबूबभाई,

सलाम.

आपल्या दोघांत पत्रं लिहायची पद्धत कधी नव्हती. तुमचा निरोप यायचा तो एसटीच्या कंडक्टरबरोबर. "कामथडीच्या थांब्यावर दत्तू मिस्त्रीला सांग, गाडी खोकतीया." की मी पिशवीत पाने-पक्कड भरून भोरला हजर. आता तुम्ही जिथं आहात तिथं एसटी जात नाही, म्हणून कागद घेतला.

घाईनं लिहितोय, त्याला कारण तुमची थोरली बहीण. काल वेल्ह्यात गाडीतून उतरताना हसीनाफुफी मला म्हणाल्या, "वर गेल्यावर म्या पयलं मेहबूबला गाठनार आन् सांगनार, तुझ्या दोस्तानं ऐन लग्नात काय करून ठिवलं त्ये!" फुफींची तब्येत ठणठणीत आहे, काळजी नको. पण जेव्हा केव्हा येतील तेव्हा तिखटमीठ लावून सांगतील. त्याआधी माझ्याकडून ऐका. क्रमानं सांगतो. मध्येच तोंड घालायची तुमची सवय या वेळी चालणार नाही, एवढाच काय तो माझा फायदा.

भोर-वेल्ह्यातल्या किती पोरींना तुम्ही सासरी पोचवलंत! तुमची ती पांढरी अँबॅसिडर, पुढं झेंडूचा हार, मागच्या सीटवर रडणारी नवरी, आणि तुम्ही मान ताठ ठेवून समोर बघत गाडी चालवणार. आरसा तर मुद्दाम वाकडा करून ठेवायचात. मी एकदा विचारलं, "भाई, आरसा असा छताकडं का?" तर म्हणालात, "दुसऱ्याच्या लेकीचं रडनं बघू नये रं. माझ्या नसीमला सोडाया जाईन, तवा सरळ करीन."

आणि मग काय केलंत? नसीमची सोयरीक ठरायच्या आधीच एका सकाळी चहाचा कप हातात असताना निघून गेलात. तुम्ही कधी कुणाच्या वरातीला उशीर केला नाहीत, आणि स्वतःच्या लेकीच्या वेळेला थांबला नाहीत! हे मला पटलेलं नाही. समोर असतात तर तोंडावर बोललो असतो.

तुम्ही गेल्यापासून गाडी शेडमध्येच उभी होती. वेल्ह्याचं स्थळ ठरलं, तारीख निघाली, तेव्हा नवऱ्या मुलाचे चाचा म्हणाले की आमची नवी जीप आहे, नवरीला तिच्यातूनच नेऊ. भले गृहस्थ आहेत, पण त्यांना तुमची लेक अजून माहीत नव्हती. नसीमनं दुसऱ्या दिवशी मला फोन लावला. "काका, मी अब्बांच्याच गाडीतनं जानार. सुरू न्हाई झाली तर ढकलत न्या, पन त्याच गाडीतनं."

मी शब्द दिला. तुमच्या गाडीबद्दल शब्द देताना मला कधी विचार करावा लागला नाही.

गाडी सुरू करणं अवघड नव्हतं. बॅटरी चार्ज केली, टाकीतलं शिळं पेट्रोल काढलं, ठिणगीचे पॉइंट घासले. जरा कुरकुरली आणि लागली. आवाज ऐकून भाभी पिठाच्या हातानंच बाहेर आल्या. दारात थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि परत आत गेल्या.

खरं तर काम तिथंच संपलं होतं. पण मी बॉनेटखाली नीट बघितलं आणि मला राहवेना. मेहबूबभाई, काय ते इंजिन! तेल आणि धूळ मिळून चिखल झालेला, वर वाळलेली पानं, कोपऱ्यात उंदरानं तुमच्याच सीटचा कापूस आणून घर केलेलं. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी. वायरी एकमेकींत अशा गुंतलेल्या की कुठली हॉर्नची आणि कुठली दिव्याची हे त्या वायरीलाच विचारावं.

हा आपला जुना वाद. मी म्हणायचो, इंजिन धुऊन देतो. तुम्ही म्हणायचात, "असू दे. ती इंजिनाची गोधडी हाय." मी म्हणायचो, गोधडीखाली तेल गळतंय की नाही ते कळणार कसं? तुम्ही म्हणायचात, "लई चमकवलं की नजर लागती." मी म्हणायचो, इंजिनाला करंट लागतो, पेट्रोल लागतं, नजर लागत नाही. मग तुम्ही गिऱ्हाइकाकडं वळून सांगायचात, "ह्यो आमचा मिस्त्री. कुनाच्या हाताखाली शिकला न्हाई बरं का!" त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला आजवर कळलेलं नाही.

तर या वेळी अडवायला तुम्ही नव्हतात. मी ठरवलं, नसीम जाईल ती स्वच्छ इंजिनानं जाईल.

भाभी म्हणाल्या, "चालू झाली ना दत्तूभाऊ? मग आता कशाला खोड्या काढताय?"

"भाभी, वरून पॉलिश करायचं आणि आत उकिरडा ठेवायचा, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही."

"इंजिन बघायला कोन येनार हाय लग्नात?"

"मी आहे ना!"

कसं केलं ते सांगतो, म्हणजे धसमुसळेपणा केला असं वाटायला नको. आधी बॅटरी बाहेर काढली. तिच्या टोकांवर खायचा सोडा आणि गरम पाणी. बॅटरीखालचा पत्रा गंजला होता, तो घासून काळा रंग मारला. मग तो खेकडा. चारी प्लगांना करंट वाटून देणाऱ्या त्या काळ्या टोपणाला तुम्ही शेवटपर्यंत खेकडाच म्हणालात, वायरींच्या पायांमुळं. त्याला प्लॅस्टिकची पिशवी घालून दोरीनं आवळलं. कार्बोरेटरलाही तसंच. कारण इंजिन धुताना पाणी कुठं जाता कामा नये, हे ज्याला कळलं त्यानंच इंजिन धुवावं. मग घासलेट आणि ब्रश. मोठ्या जागेला मोठा ब्रश, खाचेला दात घासायचा. चिखल सुटला की फडकं, परत घासलेट, परत फडकं. पाणी अगदी शेवटी, तेही बेताचं, साबणाचा फेस निघण्यापुरतं. मग दिवसभर बॉनेट उघडं ठेवून उन्हात वाळवलं. वायरी एकेक करून वेगळ्या केल्या आणि नवीन टेप गुंडाळून कडेकडेनं बांधल्या.

रेडिएटर रिकामा केला तर पाणी पिवळंधमक! हळद टाकली होतीत ना? गळती बुजवायला? आणि मला म्हणाला होतात की डाग देऊन घेतला! चोरी पकडली गेली बरं का. जाळी नीट डाग देऊन घेतली आहे आता, गळत नाही.

आणि एक सापडलं. इंजिनाला पेट्रोल ओढून देणारा तो छोटा पंप, त्याच्यावर चिकटून बसलेला तुमचा चौकड्याचा रुमाल. उन्हाळ्यात चढाला पंप तापून पेट्रोलची वाफ झाली की तुम्ही तो ओला करून पंपावर टाकायचात. वाळून, तेल पिऊन पापडासारखा कडक झाला होता. मी काढला आणि घाणेरड्या फडक्यांच्या ढिगात टाकून दिला.

लग्नाच्या सकाळी इंजिन असं दिसत होतं की मलाच परत परत बघावंसं वाटत होतं. रबरी नळ्या काळ्याभोर, पितळ पिवळं, एक वायर लोंबत नव्हती. आता तुम्हीच सांगा, असं काम झाकून ठेवायचं? गाडी मांडवाच्या तोंडाशी लावली, हार घातला आणि बॉनेट उघडं ठेवलं. येणारा प्रत्येक जण थांबून बघत होता. नवऱ्या मुलाचे चाचा स्वतःच्या जीपचं बॉनेट उघडून बघून आले आणि गपचूप बंद करून टाकलं त्यांनी! तुम्ही हे बघायला हवं होतं.

निकाह छान झाला. नसीमच्या तोंडून होकार ऐकताना भाभींनी माझ्याकडं एकदा बघितलं, मी गाडीकडं बघितलं. जेवणं सुरू झाली. मी पण पानावर बसलो. आणि इथं फुफींचा प्रवेश.

फुफींनी बघितलं की सगळं गाव गाडीत डोकं घालून बघतंय. नवरी जायच्या गाडीला एवढ्या लोकांची नजर! त्यांनी मीठ-मिरच्या घेतल्या, तांब्याभर पाणी घेतलं, गाडीवरून ओवाळलं. इथवर रीतीप्रमाणे. रीतीप्रमाणे पाणी टाकायचं ते चाकांवर. फुफींनी सगळा तांब्या उघड्या इंजिनात उपडा केला.

मी हातातला घास टाकून धावलो. "फुफी, हे काय केलंत!"

"काय केलंत म्हंजे? नजर काढली."

"अहो, चाकावर टाकायचं असतं ना पाणी!"

"चाकाला कोन बघत हुतं रं? समदी तर हितं डोळं घालून बसली हुती. नजर लागली ती हितंच लागनार ना!"

यावर तुमच्याकडं उत्तर आहे?

चावी फिरवली. स्टार्टर फिरतोय, इंजिन लागत नाही. पाणी बरोबर खेकड्यात गेलेलं. त्याची पिशवी मीच सकाळी काढली होती, शोभा जाते म्हणून. तरण्या पोरांनी बाह्या सरसावल्या, "ढकला, ढकला!" मी ओरडून सांगतोय, अरे ठिणगीच पडत नाही तर ढकलून काय होणार? ऐकतंय कोण! त्यांनी मांडवापासून मशिदीच्या कोपऱ्यापर्यंत नेली आणि घामाघूम होऊन परत आणली. चाचांनी जीप वळवून पुढं आणली. आवाजात गोडवा ठेवून म्हणाले, "मिस्त्री, अंधाराच्या आत वेल्हं गाठायचं हाय. नवरी आमच्यात बसू द्या, तुमी मागनं या निवांत."

नसीम दारात येऊन उभी होती. नटलेली, डोळे लाल. तिनं एकदा जीपकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"मला थोडका वेळ द्या," मी म्हणालो.

खेकड्याचं टोपण उघडलं, आत पाण्याचे थेंब. चारी प्लग काढले. नवरीला नटवायला आलेल्या पार्लरवालीकडं केस वाळवायचं यंत्र होतं, ती बिचारी घेऊन धावत आली. पिन लावली आणि लाइट गेलेली! लोडशेडिंगला तुमच्या लेकीचं लग्न काय माहीत? मग मी प्लग घेऊन आचाऱ्याकडं गेलो. बिर्याणीच्या देगेच्या झाकणावर निखारे होते, त्यांच्या कडेला चारी प्लग मांडले.

आचारी कपाळाला हात लावून म्हणाला, "मिस्त्री, दुसरी पंगत हाय ह्यातली! बिर्यानीला घासलेटचा वास आला तर?"

"आला तर माझं नाव सांग."

"तुमचंच सांगनार!"

प्लग वाळले. टोपण मात्र निखाऱ्यावर धरता येत नाही, तडकतं. ते आतून कोरडं पुसायला हवं, स्वच्छ, मऊ, सुती फडक्यानं. आणि माझी सगळी फडकी घासलेटनं भिजलेली. मांडवात बघावं तिकडं जरी आणि नायलॉन! मी तोंड उघडून काही मागायच्या आत भाभी समोर आल्या. हातात घडी घातलेला चौकड्याचा रुमाल.

मी ओळखलाच नाही. भाभी म्हणाल्या, "ढिगात टाकला हुता तुमी. म्या उचलला. सोड्यात उकळला, दोनदा. तेल निघालं, डाग ऱ्हायले."

मेहबूबभाई, तुमचा रुमाल मऊ सुती निघाला. पापडाचा परत रुमाल झाला होता. त्यानं टोपण आतून पुसलं, वायरींची तोंडं पुसली, प्लग बसवले. बॉनेट बंद केलं. चावी फिरवली आणि पहिल्या फटक्यात लागली! पोरांनी शिट्ट्या मारल्या. फुफी शेजारणीला म्हणाल्या, "बघ, नजर निघाली म्हनून लागली." मी नुसता हार सरळ केला. ऐन लग्नात वाद नको.

नसीम मागं बसली, शेजारी जावई आणि त्याची बहीण. जावई चांगला आहे. ढकलणाऱ्यांत तोही होता, शेरवानीसकट. पाठराखीण म्हणून कोण जाणार? फुफी! आणि बसल्या कुठं? पुढं, माझ्या शेजारी, पाण्याची बाटली मांडीवर घेऊन. भाभींनी खिडकीतून नसीमच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "सावकाश." तुम्हाला म्हणायच्या तसंच.

कापूरहोळ, हायवे, कामथडी. माझ्या गॅरेजसमोरून जाताना हॉर्न दिला. नसरापूर झालं. गाडी शिवणयंत्रासारखी चाललेली. मागं जीप, तिच्यात चाचा. मार्गासनीच्या पुढं चढाला लागलो, आणि ऊन असं तापलेलं की डांबर चिकटत होतं. गाडीनं एक आचका दिला. मग दुसरा. आणि चढाच्या मध्यावर बंद.

फुफींनी लगेच दोन्ही हात वर केले. "ह्या बारीला म्या कायबी केलं न्हाई हां!"

माझ्या डोक्यात मांडवातलं पाणीच बसलं होतं. कुठंतरी ओल राहिली असणार, असं म्हणत मी बॉनेट उघडून परत खेकड्याचं टोपण काढायला लागलो. चाचा जीपमधून उतरून येताना दिसत होते. तेवढ्यात मागच्या खिडकीतून मेंदीचा हात बाहेर आला. "काका, खेकडा न्हाई. पंप. ऊन बघा की. अब्बांचा रुमाल कुठाय?"

रुमाल माझ्या खिशात होता. मी पंपाला हात लावला आणि चटका बसला. लहानपणी तुमच्या शेजारी बसून पोरीनं काय काय शिकून घेतलं होतं!

फुफी बाटली घेऊन उतरल्या. बॉनेटपाशी आल्या, थांबल्या आणि मला विचारलं, "आता टाकू का पानी? का परत वरडशील?"

"टाका फुफी. पण रुमालावर."

त्यांनी रुमाल भिजवला, मी पंपावर टाकला. वाफ आली. मांडवात ज्याच्यावर थेंब चालत नव्हता तोच रुमाल आता निथळत होता. जरा थांबलो, परत भिजवला, चावी फिरवली. लागली. चाचा पोचले तेव्हा मी गिअर टाकत होतो. त्यांना म्हणालो, "काही नाही, जरा पाणी पाजलं."

गाडी चढायला लागल्यावर मी एक काम केलं. वर हात घातला आणि तुमचा वाकडा आरसा सरळ केला. तुम्ही बघणार होतात ते तुमच्या वतीनं बघितलं. म्हणून नीट वाचा. नसीम भोरच्या पुलापर्यंत रडली. पण मी आरसा सरळ केला तेव्हा रडत नव्हती. फुफी तिकडं जावयाला समजावत होत्या की पाण्यानंच गाडी चालते, मिस्त्रीला काही कळत नाही. आणि नसीम तोंडावर पदर धरून हसत होती.

तर असं झालं सगळं. फुफी वेगळं सांगतील, ऐकून घ्या, पण खरं हे आहे. नजर लागली नव्हती. नजर काढताना पाणी लागलं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि माझं मत मी बदललेलं नाही. फक्त एवढं मान्य करतो की इंजिन मळलेलं असतं तर ते कुणी बघितलं नसतं, आणि फुफींनी पाणी चाकावरच टाकलं असतं.

आज गाडी परत शेडमध्ये लावली. भाभींनी चाकांवर पाणी घातलं. मी शेजारी उभा होतो, लक्ष ठेवून.

आता माझा शब्द ऐका. दर जुम्म्याला भोरला येईन आणि गाडी सुरू करून ठेवीन. इंजिन स्वच्छ राहील, त्यात तुमचं चालणार नाही. रुमाल पंपाच्या नळीला बांधला आहे, डागांसकट, माझ्या नीटनेटक्या इंजिनात तेवढं एकच गबाळं. त्यात माझं चालणार नाही. आणि नसीमला पहिल्यांदा माहेरी आणायला वेल्ह्याला हीच गाडी जाईल. मीच नेईन, आरसा सरळ ठेवून.

आणि बॉनेट बंद ठेवून.

तुमचा,
दत्तू मिस्त्री
(कुणाच्या हाताखाली न शिकलेला)
कामथडी